दार उघडून खुर्चीत बसेपर्यंत : कंटिन्युइटीचा पहिला धडा

फिल्ममेकिंग शिकायला लागलं की कधी ना कधी एक जुना सराव वाट्याला येतो. एक व्यक्ती दार उघडून आत येते, खोली ओलांडते, आधीच बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीसमोरच्या खुर्चीत बसते आणि दोघं दोन-चार वाक्यं बोलतात. बस्स, एवढंच. आमच्या वाट्याला हा सराव आला तेव्हा आम्ही चौघं जरा हिरमुसलोच. डोक्यात मोठमोठ्या कथा होत्या आणि हातात आलं काय, तर दार आणि खुर्ची. दोन तासांत शूट उरकलं. एडिटला बसलो तेव्हा दिसलं, की आमची नायिका दाराबाहेर उजवीकडून डावीकडे चालते आणि आत आल्यावर डावीकडून उजवीकडे. आत येण्याऐवजी ती वाटेतूनच माघारी फिरल्यासारखी वाटत होती. बाहेर उजव्या खांद्यावर असलेली पिशवी आत येईपर्यंत डाव्या खांद्यावर गेली होती. आणि बोलायला लागल्यावर दोघंही पडद्यावर एकाच बाजूला तोंड करून, जणू एकाच बसची वाट बघत बसलेले.

तो सगळा प्रसंग आम्ही पुन्हा शूट केला. त्या दुसऱ्या खेपेला जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. कॅमेरा फोनचा असला तरी चालेल. यातलं फारच थोडं कॅमेऱ्यावर अवलंबून आहे.

नेमकं काय जुळवायचं असतं?

कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटपासून पुढच्या शॉटपर्यंतचं सातत्य, म्हटलं की लोकांना पाण्याचा ग्लास आठवतो. एका शॉटमध्ये भरलेला, पुढच्यात अर्धा, मग परत भरलेला. अशा चुका शोधून काढणं हा काहींचा छंदच असतो. माझ्या हिशेबात मात्र ग्लास तिसऱ्या नंबरावर येतो. पहिली येते दिशा : कोण कुठे बघतंय, कोण कुठून कुठे चाललंय. दुसरी हालचाल : एका शॉटमध्ये सुरू झालेली कृती पुढच्या शॉटमध्ये त्याच वेगाने, त्याच हाताने पुढे जाते की नाही. वस्तू, कपडे, केस हे सगळं त्यानंतर. ग्लास चुकला तर एखाद्याच्या लक्षात येतं आणि तो गालात हसतो. दिशा चुकली तर नेमकं काय चुकलं हे कुणालाच सांगता येत नाही, पण सगळ्यांनाच काहीतरी खटकतं आणि गोष्टीवरचं लक्ष उडतं.

हे संकेत कुणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत. ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली पॅरिसमध्ये दाखवलेल्या फिल्म जेमतेम पन्नास सेकंदांच्या आणि एकेका शॉटच्या होत्या; कटच नाही म्हटल्यावर जुळवणार काय? शॉटला शॉट जोडायला सुरुवात झाली तेव्हा प्रश्न पडायला लागले, आणि पुढच्या वीसेक वर्षांत लोकांनी चुकतमाकत उत्तरं शोधली. १९१७ च्या सुमाराला अमेरिकन चित्रपटांत ही पद्धत बऱ्यापैकी रुळलेली दिसते. त्यानंतर थोड्याच काळात रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी वेगवेगळ्या जागी घेतलेले शॉट जोडून दाखवले आणि बघणाऱ्यांनी त्यातून एकच जागा मनात उभी केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी कागद

शूटच्या आधी खोलीचा वरून दिसेल तसा नकाशा काढा. चित्रकला येण्याची गरज नाही. आमच्या नकाशात दार डाव्या भिंतीत होतं, मधोमध टेबल, टेबलाच्या डाव्या बाजूला रिकामी खुर्ची आणि उजव्या बाजूला 'तो' बसलेला. 'ती' दारातून येऊन डाव्या खुर्चीत बसणार, खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवणार. संवाद तीनच : "ही घे." "राहू दे तुझ्याकडे." "नको. आता नको."

आता दोन खुर्च्यांना जोडणारी एक सरळ रेघ मारा आणि ती दोन्ही बाजूंनी भिंतीपर्यंत वाढवा. हीच ती इमॅजिनरी लाइन. रेघेच्या खालचा अर्धा भाग आपला, वरच्या अर्ध्या भागात कॅमेरा न्यायचा नाही. कॅमेरा कायम खालच्या भागात राहिला तर ती नेहमी फ्रेमच्या डावीकडे बसून उजवीकडे बघेल आणि तो उजवीकडे बसून डावीकडे बघेल. कॅमेरा रेघेपलीकडे गेला की लगेच बाजू उलटतात. यालाच लाइन क्रॉस होणं म्हणतात, आणि आमची 'बसची वाट बघणारी' जोडी त्यातूनच जन्मली होती.

नवख्यांचा एक गैरसमज असतो : ही रेघ फक्त बोलणाऱ्यांची. चालणाऱ्या माणसालाही रेघ असते, तो ज्या दिशेने चाललाय तीच. ती दारातून उजवीकडे चालत येते, त्यामुळे दाराबाहेरच्या शॉटमध्येही ती उजवीकडेच चालताना दिसायला हवी. पहिल्या शूटला बाहेर जागा अपुरी होती म्हणून आम्ही कॅमेरा पलीकडच्या भिंतीला लावला आणि घोळ झाला. बाहेर खरंच जागा नसेल तर तिच्या पाठीमागून शॉट घ्या. पाठमोरी चालणारी व्यक्ती डावीकडेही जात नाही आणि उजवीकडेही नाही, त्यामुळे पुढचा शॉट कुठल्याही बाजूचा लागतो.

नकाशावर कॅमेऱ्याच्या जागा मांडल्या की शॉटची यादी आपोआप तयार होते. आमची दुसऱ्या खेपेची यादी अशी होती :

१. बाहेर, मिड (कमरेपासून वर). ती येते, दाराच्या मुठीवर हात ठेवते, दार ढकलते.
२. आतून, मिड लाँग (गुडघ्यांपासून वर). दार उघडतं, ती आत येते, फ्रेमच्या उजवीकडून बाहेर जाते.
३. मास्टर. दार, टेबल, दोन्ही खुर्च्या. आत येण्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सगळा प्रसंग.
४. त्याचा मिड. दारापासून खुर्चीपर्यंत तिच्याकडे बघत राहतो.
५. तिचा मिड. खुर्चीत बसते.
६. सजेशन, म्हणजे त्याच्या खांद्यावरून ती.
७. उलट सजेशन, तिच्या खांद्यावरून तो.
८. तिचा क्लोज (फक्त चेहरा).
९. त्याचा क्लोज.
१०. इन्सर्ट. किल्ली ठेवणारा हात.

यादीतला चौथा शॉट आधी आमच्याकडे नव्हता. बाकी काही विसरलात तरी चालेल, पण तो घ्याच. चालण्यात, बसण्यात कुठेही गडबड झाली की एडिटर त्याच्या चेहऱ्यावर जातो आणि परत येतो. तेवढ्या वेळात ती खोलीत कुठेही पोचलेली असली तरी प्रेक्षक हरकत घेत नाही.

यादी तपासताना आणखी एक बघा. एकाच व्यक्तीचे लागोपाठ येणारे दोन शॉट एकमेकांपेक्षा पुरेसे वेगळे असले पाहिजेत. कॅमेऱ्याचा कोन निदान तीस अंशांनी बदललेला हवा, आणि त्याबरोबर शॉटचा आकारही बदलला तर उत्तम. पाच-दहा अंशच सरकलात तर माणूस जागच्या जागी दचकल्यासारखा दिसतो. १९६० च्या आसपास फ्रान्समधल्या तरुण दिग्दर्शकांनी हाच जर्क मुद्दाम वापरला आणि जम्प कटला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे खरं. पण त्यांना तो नको असता तर टाळताही आला असता. आपली अजून ती वेळ आलेली नाही.

कॅमेरा एकदा लावला की हात लावू नका

हा भाग थोडक्यात आटोपतो. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ठरवा, समजा २५, आणि सगळे शॉट त्यावरच घ्या. शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ आत येतो ते) १/५० सेकंद ठेवा. ज्या देशांत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ आहे तिथे दिव्यांचा फ्लिकर (लुकलुक) टाळायला १/६० बरं पडतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडात पांढरं पांढरं दिसावं ते, ऑटोवर ठेवू नका. दिवसाच्या उजेडासाठी साधारण ५६०० केल्विन, पिवळ्या टंगस्टन दिव्यांसाठी ३२००. दोन्ही एकत्र असतील तर एक बंद करा. फोनवर फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर ती खिडकीसमोरून गेली की अख्खी खोली उजळेल आणि परत काळवंडेल. बरेच फोन आपला फ्रेम रेट मधेच कमीजास्त करतात, आणि मग आवाज वेगळा रेकॉर्ड केला असेल तर तो हळूहळू ओठांपासून सुटत जातो. फ्रेम रेट पक्का धरून ठेवणारं कॅमेरा ॲप वापरलं की ही कटकट मिटते.

सजेशनची जोडी आणि क्लोजची जोडी घेताना लेन्स, अंतर आणि कॅमेऱ्याची उंची दोन्हीकडे तीच ठेवा. कॅमेऱ्यापासून चेहऱ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. अंदाजाने घेतलं की एकाचं डोकं हमखास मोठं येतं आणि प्रसंग त्याचाच होऊन बसतो.

शॉट कुठे सुरू करायचा, कुठे थांबवायचा

सगळ्या लेखात मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही. एडिटरला कट मारायला जागा लागते, आणि ती जागा शूटवरच द्यावी लागते. प्रत्येक कृती दोन्ही शॉटमध्ये पूर्ण घ्यायची. आधीच्या शॉटमध्ये ती शेवटपर्यंत जाऊ द्यायची आणि पुढच्या शॉटमध्ये पुन्हा पहिल्यापासून करून घ्यायची.

आमच्या पहिल्या शूटला आम्ही हुशारी केली होती. बाहेरच्या शॉटमध्ये तिने मुठीवर हात ठेवला की "कट". आतल्या शॉटमध्ये दार आधीच अर्धं उघडं ठेवून "ॲक्शन". वेळ वाचला असं वाटलं. एडिटला बसल्यावर दोन्ही बाजूंना एक फ्रेमसुद्धा सरकायला जागा नव्हती, आणि दार एका जागी थांबून मग झटक्यात उघडल्यासारखं दिसत होतं.

दुसऱ्या खेपेला बाहेरच्या शॉटमध्ये ती आत जाऊन दार तिच्यामागे बंद होईपर्यंत कॅमेरा चालू ठेवला. आतला शॉट बंद दारावर सुरू केला, दोन सेकंद नुसतं दार, मग मूठ फिरते, मग ती. दार उघडण्याची पूर्ण कृती दोन्हीकडे होती. कट कुठे मारायचा हे नंतर आरामात ठरवता आलं.

बसण्याच्या शॉटचंही तसंच. पाचव्या शॉटसाठी तिला खुर्चीशेजारी उभं करून "आता बस" म्हटलं तर ती फोटो काढून घ्यायला बसल्यासारखी बसते. शरीराला वेग नसतो. तिला चार पावलं मागून चालत येऊ द्या. ती पावलं फ्रेममध्ये दिसणार नाहीत, पण त्यांचा जोर गुडघ्यांत उतरतो. मास्टरमध्ये ती ज्या वेगाने बसली होती तोच वेग इथे मिळतो.

"ॲक्शन" म्हणण्याआधी तीन सेकंद आणि कृती संपल्यावर तीन सेकंद कॅमेरा चालू ठेवायची सवय लावा. "कट" म्हणायची घाई दिग्दर्शकालाच जास्त असते. आमच्यात तर कॅमेऱ्यावरच्या मित्राला सांगूनच ठेवलं होतं, की मी "कट" म्हटलं तरी तू मनात तीन मोज.

शूटचा क्रम यादीप्रमाणे नसतो. आधी मास्टर, कारण त्यात कोण कुठल्या शब्दावर काय करतं ते पक्कं होतं. मग एका बाजूला तोंड करून असलेले सगळे शॉट : तिचा मिड, तिचं सजेशन, तिचा क्लोज. मग कॅमेरा आणि दिवे फिरवून त्याची बाजू. इन्सर्ट सगळ्यात शेवटी. खिडकीचा उजेड वापरत असाल तर खिडकी दिसणारे शॉट एका सपाट्यात उरका; सूर्य तुमच्यासाठी थांबत नाही. पहिल्यांदा करताय तर दहा शॉटना अख्खा दिवस धरा.

नजर

क्लोजमधली नजर हा या सरावातला सगळ्यात नाजूक भाग. आमच्या रेघेप्रमाणे तिच्या क्लोजमध्ये ती कॅमेऱ्याच्या उजव्या बाजूला बघणार आणि त्याच्या क्लोजमध्ये तो डाव्या बाजूला. सेटवर उजवं-डावं म्हणताना कायम कॅमेऱ्याचं उजवं-डावं म्हणा. नटाचं उजवं वेगळं, दिग्दर्शकाचं वेगळं, आणि यात पाच मिनिटं सहज जातात.

समोरच्या नटाला लेन्सच्या अगदी शेजारी बसवा. जितका तो लेन्सजवळ, तितके बोलणाऱ्याचे दोन्ही डोळे आपल्याला दिसतात. तो लांब सरकला की आपल्याला नुसता गाल बघावा लागतो. उंचीही सांभाळा. ती उभी असताना तो वर बघतो, ती बसल्यावर त्याची नजर समान पातळीवर येते. चौथ्या शॉटमध्ये हा प्रवास दिसायला हवा. त्यासाठी तिलाच कॅमेऱ्यामागून त्याच वाटेने चालत येऊन बसायला लावा. ती नसेल तर दुसरं कुणी चालेल, पण कुणीतरी चालायलाच हवं. "समज की ती येतेय" असं सांगितलं की नटाची नजर हवेत टप्पे टाकत सरकते आणि लगेच कळतं की समोर कुणी नाही.

दोन्ही नट एका दिवशी मिळत नसतील तर कुलेशोव्ह आठवा. तिचा क्लोज आज आणि त्याचा परवा घेतला तरी चालतो, फक्त तिच्या डोळ्यांची उंची आणि लेन्सपासूनचं अंतर लिहून ठेवा. परवा त्या उंचीवर स्टँडला टेपचा एक तुकडा चिकटवा आणि त्याला तिथे बघायला सांगा. संवाद कुणीतरी खऱ्या सुरात वाचून दाखवा म्हणजे त्याला धरायला काहीतरी मिळेल. प्रेक्षकाला टेप दिसत नाही. नजर बरोबर असली की तो दोघांना एकाच टेबलाशी बसवतो.

सजेशनमध्ये खांदा कुठल्या बाजूला येतो यावरूनही तपासता येतं. तिच्यावरच्या शॉटमध्ये त्याचा खांदा फ्रेमच्या उजव्या कडेला, त्याच्यावरच्या शॉटमध्ये तिचा खांदा डाव्या कडेला. खांदा भलत्या बाजूला दिसला की थांबा, कॅमेरा रेघेपलीकडे गेलाय.

कंटिन्युइटीची वही

चौघांच्या टीममध्ये एकाने फक्त वही सांभाळावी. हे काम कमी प्रतीचं वाटतं म्हणून शेवटी जो उरेल त्याच्या गळ्यात पडतं. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला ते टीममधल्या सगळ्यात भांडखोर मुलीने केलं आणि तेच बरं झालं, कारण "परत घ्या" म्हणायला जीभ कचरत नाही असंच माणूस तिथे लागतं.

वहीत काय लिहायचं? शॉट नंबर, टेक नंबर (त्या शॉटचा कितवा प्रयत्न), लेन्स, अंतर, उंची, टेक ओके की एनजी (नो गुड, म्हणजे फसलेला) आणि का. पण खरा ऐवज म्हणजे संवादाला बांधलेली हालचाल. तिच्या वहीतली एक नोंद मला आठवते : "शॉट ३, टेक २. उजवा हात खुर्चीच्या पाठीवर. बसते. पिशवी मांडीवर. मग उजवा हात खिशात. किल्ली टेबलावर टेकते आणि मग 'ही घे'. हात 'राहू दे' संपेपर्यंत किल्लीवरच." अशी नोंद असली की सहाव्या, आठव्या आणि दहाव्या शॉटमध्ये हात कुठे असायला हवा याबद्दल वाद होत नाही.

फोटो काढा, पण टेक सुरू होताना नव्हे, संपल्यावर. पुढच्या शॉटला तुम्हाला शेवटची अवस्था हवी असते. शक्यतो कॅमेऱ्याच्या स्क्रीनचाच फोटो घ्या, म्हणजे फ्रेमच्या कडेला काय होतं तेही कळतं. बाह्या कितपत दुमडल्यात, केस कानामागे आहेत की पुढे, खुर्ची टेबलापासून किती लांब. खुर्चीच्या पायांखाली जमिनीवर टेपने खुणा करून ठेवा. भिंतीवर घड्याळ असेल तर सरळ उतरवा. त्याची कंटिन्युइटी सांभाळण्यात काही पुरुषार्थ नाही.

आणि एक कानमंत्र. नवख्या नटांना हातात कमीत कमी प्रॉपर्टी (प्रसंगात वापरायच्या वस्तू) द्या. चष्मा काढणं, पाणी पिणं, केस सारखे करणं हे सगळं प्रत्येक टेकला वेगळ्या शब्दावर होतं. आमच्या प्रसंगात एक किल्ली होती आणि तीसुद्धा पुरेशी जड गेली.

आवाज विसरू नका

खोली रिकामी करू नका, सगळ्यांना आहे तिथेच गप्प उभं करा आणि खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा. हा रूम टोन. वेगवेगळ्या शॉटमधल्या शांततेचा पोत वेगळा असतो आणि कटवर तो ऐकू येतो. रूम टोन सगळ्याच्या खाली अंथरला की ते सांधे बुजतात. क्लोज घेताना दोघांना एकमेकांच्या वाक्यांवर चढू देऊ नका. एकाचं वाक्य पूर्ण संपू दे, मग दुसऱ्याने सुरू करावं. एकावर एक बोलणं हवं असेल तर ते एडिटमध्ये करता येतं. शूटवर मिसळलेले आवाज मात्र सहजासहजी सुटे करता येत नाहीत. क्लॅप नसेल तर कॅमेऱ्यासमोर हाताची टाळी वाजवा आणि शॉट-टेक नंबर मोठ्याने सांगा.

एडिटच्या टेबलावर

फुटेज दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी केल्याशिवाय कार्ड पुसू नका. फाइलना शॉट-टेकप्रमाणे नावं द्या, एनजी टेकही ठेवा. टाळीवर आवाज जुळवा. मग ओके टेक कथेच्या क्रमाने नुसते एकामागून एक लावा आणि एकदा बघा. लांबलचक, कंटाळवाणं दिसेल, तसंच दिसायला हवं.

आता हालचालीवरचा कट. बसण्याचंच उदाहरण घेऊ : मास्टरमधून तिच्या मिडवर जायचंय. दोन्ही शॉटमध्ये अगदी ओळखू येईल असा एक क्षण शोधा. आमच्याकडे तो होता उजवा हात खुर्चीच्या पाठीवर टेकतो तो क्षण. दोन्हीकडे त्या फ्रेमवर मार्कर टाका, मार्कर एकाखाली एक आणा. आता दोन्ही शॉट एकाच वेळी एकच कृती करतायत. या बिंदूवरच कट मारलात तर मात्र मजा येत नाही. हात टेकला म्हणजे एक कृती संपली, आणि संपलेल्या कृतीवरचा कट डोळ्याला दिसतो. थोडं पुढे सरका. गुडघे वाकायला लागलेत, शरीर खाली जायला लागलंय पण अजून टेकलेलं नाही, तिथे कट मारा. प्रेक्षकाची नजर त्या खाली जाणाऱ्या शरीराबरोबर चाललेली असते, ती कटवरून तशीच पुढे निघून जाते.

मग बारीक काम. २५ च्या हिशेबात एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. अगदी काटेकोर जुळवलेला कटही कधीकधी उडी मारल्यासारखा वाटतो, कारण नव्या चित्रावर नजर बसायला क्षणभर लागतो आणि तेवढी हालचाल बघायची राहून जाते. म्हणून पुष्कळ एडिटर पुढच्या शॉटची दोन-तीन फ्रेम हालचाल पुन्हा दाखवतात. तुम्हीही एक, दोन, तीन फ्रेम मागेपुढे करून बघा. गणिताने ठरवू नका, प्ले करून ठरवा. आम्ही दोन फ्रेमवर थांबलो.

संवादात चित्र आणि आवाज एकाच जागी कापण्याची सवय मोडा. "राहू दे तुझ्याकडे" हे वाक्य त्याच्या तोंडून सुरू होऊ द्या, पण 'तुझ्याकडे'वर तिच्या चेहऱ्यावर या. आवाज त्याचा, चेहरा तिचा. हा एल कट. किंवा तिच्याच चेहऱ्यावर असताना त्याचा आवाज आधी येऊ द्या आणि मग त्याला दाखवा, तो जे कट. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर बऱ्याचदा जास्त घडत असतं. शिवाय असे कट कमी जाणवतात, कारण कान आणि डोळे एकाच क्षणी अडखळत नाहीत.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, झाला की एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा. दिशा आणि नजरा तपासायला तेवढं पुरतं. मग डोळे मिटून नुसतं ऐका.

चुकलंच तर

परत शूट करणं शक्य नसतं तेव्हा काही जुने उपाय आहेत. लाइन क्रॉस झालेल्या दोन शॉटच्या मधे इन्सर्ट टाका. किल्लीला डावं-उजवं नसतं. तो इन्सर्ट दीड सेकंद राहिला तरी प्रेक्षक नवी बाजू मान्य करतो. एखादा शॉट आरशासारखा उलटा करता येतो, पण आधी शर्टाचा खिसा, केसांचा भांग आणि मागे कुठे अक्षरं आहेत का ते बघा. ४के मध्ये शूट करून १०८० मध्ये फिल्म काढणार असाल तर फ्रेम दुपटीपर्यंत आवळता येते, म्हणजे चुकीच्या जागी असलेला हात फ्रेमबाहेर काढता येतो. आणि चौथा शॉट आहेच.

कटवर एखादा ठळक आवाजही चूक झाकतो. आमच्या दुसऱ्या शूटमध्येही पिशवीचा पट्टा बाहेर खांद्यावर आणि आत जरा खाली घसरलेला होता. मुठीचा खट्ट आवाज थोडा मोठा करून नेमका कटवर ठेवला. आजवर कुणी पिशवीबद्दल विचारलेलं नाही.

शेवटची तपासणी

मित्रांना फिल्म दाखवून "कशी वाटली?" विचारू नका, ते छान म्हणतील. ज्याने स्क्रिप्ट वाचलेली नाही आणि ती खोली पाहिलेली नाही असं कुणीतरी पकडा. फिल्म एकदाच दाखवा, तेव्हा पडद्याकडे नाही तर त्याच्या चेहऱ्याकडे बघा. कपाळाला आठी कुठे पडते ते टिपा. मग त्याच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि खोलीचा नकाशा काढायला सांगा : दार कुठे, टेबल कुठे, कोण कुठे बसलं.

आमच्या पहिल्या प्रेक्षकाने खुर्च्या बरोबर काढल्या, टेबल बरोबर काढलं, आणि दार मात्र 'तो' बसला होता त्याच्या पाठीमागे, उजव्या भिंतीत काढलं. आम्ही गोंधळलो. मग लक्षात आलं, वेग यावा म्हणून आम्ही मास्टरचा सुरुवातीचा तुकडा काढून टाकला होता, आणि दार व टेबल एकत्र दिसणारी एकही फ्रेम फिल्ममध्ये उरली नव्हती. दोन सेकंदांचा मास्टर परत टाकला. पुढच्या प्रेक्षकाने दार डाव्या भिंतीत काढलं आणि विचारलं, "पण ती किल्ली कशाची होती?"